भुईला हात न टेकता

धुळाप्पानं सकाळच्या पारी दोन्ही गुडघ्यांना बांबूच्या कामट्या बांधल्या, वरून लोकरीच्या दोरीनं करकचून आवळल्या आणि पाय पसरून तो बाजेवर आडवा झाला. चिमाबाई मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत टाकून आली, तिनं नवऱ्याचं हे ध्यान बघितलं आणि रिकामी पाटी तिथंच आदळली.

"आवो, ह्ये काय सोंग म्हनायचं?"

"सोंग न्हाय, विलाज हाय. मेंढराचा पाय ग्येला की काय करतो आपुन? कामट्या बांदतो, पाय हालू देत न्हाय, खांद्यावं घिऊन हिंडतो. पुन्यांदा पळतंय का न्हाय?"

"मेंढराचा मोडलेला आसतो. तुमचा मोडलाय व्हय? आन तुमास्नी खांद्यावं घिऊन कोन हिंडनार?"

"तू हायेस की."

आता धुळाप्पाच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. बोरमाळच्या त्या खडकाळ रानात मेंढराच्या दुखण्याला त्याच्यासारखा जाणता नव्हता, हे खरं. पण तो माणसालाही मेंढरूच समजायचा, स्वतःला धरून. आणि एकदा डोक्यात घेतलं की बिरोबानं येऊन सांगितलं तरी ऐकायचा नाही.

बिरोबाचीच तर सगळी भानगड होती. जत्रा दोन महिन्यांवर आलेली. जत्रेत गजी ढोलावरच्या नाचाचा पहिला फेर धुळाप्पाचा, त्याच्या बापापासूनचा मान. फेर धरायच्या आधी म्होरक्यानं बायकोला डाव्या अंगाला घेऊन देवापुढं उकिडवं बसायचं, ओंजळभर भंडारा घ्यायचा आणि भुईला हात न टेकता, कुणी न उठवता, उभं राहून तो उधळायचा. मग ढोलावर टिपरू पडायचं. ज्याला उठता आलं नाही त्यानं कमरेचा रुमाल सोडून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बायकोला ही अट नव्हती, तिला दोघीतिघी बाया बखोटं धरून उठवायच्या. गेल्या साली उठताना धुळाप्पाच्या डोळ्यांतनं पाणी आलं होतं. लोकांना वाटलं, भक्ती. चुलतभाऊ मल्लाप्पाला तेवढं खरं कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याची नजर त्या रुमालावर होती.

"रुमाल त्या मल्ल्याला द्यायाचा न्हाय," धुळाप्पा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला. "मेलो तर बी न्हाय."

चिमाबाईला वाईट वाटलं. तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला बाजेवरनं उपसून काढला. "चला. आज बाजार हाय. उपकेंद्रातल्या नव्या म्याडम बाजारादिवशी गुडग्यावाल्यास्नी बगत्यात."

निघाले दोघं. कामट्या सोडायला गडी तयार नाही. पाय वाकत नाहीत, त्यामुळं एक पाय फेकायचा, मग दुसरा फेकायचा. आडव्या पडलेल्या कुत्र्यानं उठून वाट दिली. पारावर मल्लाप्पा बसला होताच.

"आप्पा, पोलीस भरतीला निगालास का काय?"

पार खदाखदा हसला. धुळाप्पा लाल झाला, पण पाय तसाच फेकत राहिला. चिमाबाईला खरं तर हसू फुटत होतं. तिनं पदर तोंडात कोंबला.

आजवर बोरमाळला गुडघ्याचं दुखणं म्हणजे दुखणंच नव्हतं. तालुक्याला जायचं, 'वय झालं, चालायचंच' हे ऐकायचं, गोळी घ्यायची. गोळीनं गुडघा राहायचा बाजूला आणि पोटात आग पडायची. म्हणून कुणी जायचंच बंद झालं होतं. आरोग्य उपकेंद्रातल्या ह्या नव्या म्याडम, वैजयंती, बार्शीकडच्या. त्यांनी बाजाराचा दिवस गुडघ्यांना ठेवला, कारण म्हातारीकोतारी त्या दिवशी जीपगाडीनं बाजाराला येतातच. उपकेंद्राच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. कामट्या बांधलेला माणूस बघून त्या हसल्या नाहीत, एवढ्यावरच चिमाबाईनं त्यांना आपलं मानलं.

"मामा, तुम्हाला काय करता यायला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

कुठं दुखतं, कधीपासनं, हे सगळे विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. धुळाप्पा गडबडला. "उटायचं हाय," तो म्हणाला. "भंडारा घिऊन. जत्रंत."

म्याडमनी दोऱ्या सोडल्या, गुडघा दाबून, वाकवून, हात ठेवून बघितला. मग म्हणाल्या, "मामा, कामट्या काढल्यावर मेंढराचा पाय दिसतो कसा?"

"काटकी हुतो. मास ऱ्हात न्हाय."

"मग तुमच्या मांडीचं काय होईल? गुडघा झिजलाय, तो नवा होणार नाही. पण मांडीत जोर आला तर त्याच्यावरचा भार कमी होईल. बांधून ठेवायचा नाही, चालवायचा. ह्या खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि टेकू न घेता उठा."

धुळाप्पानं इकडं तिकडं बघितलं. ओसरीत बाया बसलेल्या. "बायांम्होरं उटाबशा? मी काय साळंतलं पोर हाय? हिला करू द्या. मी बगतो."

चिमाबाई नवऱ्यादेखत उभ्या जन्मात खुर्चीवर बसली नव्हती. ती भिंतीला चिकटली. "नगं बया. लोक काय म्हनत्याल."

"मावशी, तुमचे गुडघे कसे आहेत?" म्याडमनी विचारलं.

"आमचं काय, बायामानसाचं," चिमाबाई म्हणाली. गुडघे तिचेही रात्रंदिवस ठणकत होते, पण ते सांगायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला चोरागत टेकली. हात छातीशी घेतले, अंग पुढं झुकवलं आणि उठली. आई गं म्हणाली, पण उठली.

"आसं हाय व्हय," धुळाप्पा म्हणाला. "सोप्पं तर हाय."

घरी सुरू झालं. धुळाप्पा एकदा उठायचा आणि धापा टाकत म्हणायचा, "इसरलो बग. तू दाव." चिमाबाई उठून दाखवायची. "पाय कसं ठिवलंस? पुन्यांदा." ती पुन्हा दाखवायची. "लई गडबड करतीस, सावकास." ती सावकाश उठायची. तो बाजेवर बसून हुकूम सोडायचा आणि दमायची ती. अधूनमधून म्याडम गाडीवरनं यायच्या. सूज नाही ना बघायच्या, शेकायला सांगायच्या आणि मग बसायचं ठिकाण खाली आणायच्या. खुर्चीवरनं बाजेवर, बाजेवरनं पेंडीच्या पोत्यावर, पोत्यावरनं दोन विटांवर ठेवलेल्या पाटावर. धुळाप्पा करत होता, नाही असं नाही. रुमालाची आठवण झाली की दोनदा जास्त करायचा.

एक दिवस चिमाबाई चुलीपुढनं उठली, पाणी घेतलं आणि परत येऊन बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की उठताना आपण भिंतीला हात लावलाच नाही. ती परत उठली. मग बसली. परत उठली. तिला एवढं हसू यायला लागलं की चुलीपुढं एकटीच उठबस करत राहिली आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली.

"करपल्याचा वास येतोय," धुळाप्पा बाहेरनं ओरडला.

"करपू द्या."

जत्रा आली. माळावर सनई, ढोल, खोबऱ्याचा नि भंडाऱ्याचा घमघमाट. म्याडमनी बजावलं होतं, "मामा, अगदी खाली बसू नका, पाटावर टेका. देव काही बोलायचा नाही." पण पाट बघून मल्लाप्पा खाकरला, आणि ह्या गड्यानं पाट लाथेनं सरकवला. बसला उकिडवा. डाव्या अंगाला चिमाबाई, दोन्ही हातांत नारळाचं ताट. पुजाऱ्यानं ओंजळीत भंडारा ओतला.

धुळाप्पानं अंग पुढं झुकवलं. बूड उचललं. निम्म्यात आला आणि अडकला. मांड्या लटालटा कापायला लागल्या, ओंजळीतनं भंडारा गळायला लागला. मागं मल्लाप्पानं हळूच धोतर झटकून सारखं केलं. चिमाबाईनं ते बघितलं आणि तिचा जीव तुटला. हात लावायची सोय नाही, बोलायची सोय नाही. मग तिला एकच सुचलं. इतके दिवस जे केलं तेच.

बाया बखोटं धरायला वाकल्या, तर तिनं मान हलवली. पाय फाकवले, छाती पुढं घेतली, आणि ताट जराही न हलवता सरळ उभी राहिली.

बाया आ वासून बघत राहिल्या. धुळाप्पानं निम्म्यातनंच मान वर केली. बायको उभी, आपण खाली. असलं चित्र त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं.

"ही उटली?" तो म्हणाला, आणि रागारागानं कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ओंजळ उधळायची होती देवावर. ती गेली सगळी चिमाबाईच्या डोक्यावर. ढोलावर टिपरू पडलं, माणसांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं आणि पिवळ्याधमक चिमाबाईला हसू आवरेना. धुळाप्पानं पहिला फेर चालत, रुमाल उडवत पुरा केला. एकही उडी मारली नाही, पण फेर त्याचाच होता.

दुपारी दोघं लिंबाखाली टेकली. धुळाप्पा बराच वेळ तिच्या पायांकडं बघत होता.

"तुजं बी गुडगं दुकत हुतं व्हय गं?"

"लई सालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

धुळाप्पानं रुमालानं तिच्या कपाळावरचा भंडारा पुसला. पुसायला जावं तर तो जास्तच पसरला.

तेवढ्यात मल्लाप्पा आला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तो खाली बसायला गेला आणि कळ आली म्हणून लिंबाला धरून उभा राहिला. "आप्पा, माजं बी उजवं लई धरतंय बग. काय आवशीद दिलं म्याडमनी?"

धुळाप्पानं चिमाबाईकडं बघितलं, चिमाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"बाजारादिवशी जा," धुळाप्पा म्हणाला. "आन जाताना बायकूला संगं ने. आदी तिला बसीव खुर्चीवं."