बारावी गप्पी

मी गप्पी बोलतेय, पण मी बोलायचं नव्हतं. पुष्पाबाईंनी मला तांब्यात घेतलं तेव्हाच बजावलं होतं, "नाव गप्पी, पन गप ऱ्हाय." महिनाभर मी गप्पच होते. आज राहवत नाही.

माझा जन्म धुळ्याचा. देवपुरातल्या एका कॉलेजमागच्या सिमेंटच्या टाकीत मी जन्मले. आम्ही गप्पी मासे अंड्यातून येत नाही. आईच्या पोटातून थेट पाण्यात उतरतो आणि लगेच पोहू लागतो. आमच्यातले नर रंगीत शेपट्यांचे. मी राखाडी, कुणाच्या नजरेत न भरणारी.

त्या टाकीवर डॉक्टर सुलक्षणाबाई रोज यायच्या. डासांमुळे होणाऱ्या आजारांवर त्यांचं संशोधन चालू आहे. इथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी हौद भरलेले. आठवड्यातून एकदा हौद कोरडा करा, असं आरोग्य खात्याची माणसं सांगून जातात. बायका हो म्हणतात आणि झाकण लावून घेतात. भरलेलं पाणी ओतून द्यायला कुणाचा जीव धजेल? त्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि त्या आम्ही खातो. आमच्या पोटाच्या भरवशावर हिवताप किती रोखता येईल, हे बाईंना पाहायचं होतं.

पांझरा नदीकाठच्या एका गल्लीत त्यांनी काही हौदांत आम्हाला सोडलं, काही तुलनेसाठी मुद्दाम तसेच ठेवले. दर सोमवारी येऊन त्या पांढऱ्या पळीने पाणी काढत आणि अळ्या मोजत. आम्हालाही मोजत. पुष्पाबाईंच्या हौदात आम्ही बारा होतो. बाई बॅटरी धरून पुटपुटायच्या, "दहा, अकरा..." मी कोपऱ्यात नळीमागे असायचे, म्हणून सगळ्यांत शेवटी सापडायचे. "आणि ही बारावी," असं म्हणताना त्या किंचित हसायच्या. त्या हसण्यासाठी मी आठवडाभर सोमवारची वाट पाहायचे.

शेजारच्या नूरबींचा हौद बिनमाशांचा ठरला होता. त्यांची नात सबा मागच्या वर्षी हिवतापाने दवाखान्यात होती. चार गोधड्या घातल्या तरी तिची कुडकुड थांबत नव्हती म्हणे. बाईंनी सबासाठी मच्छरदाणी आणून दिली. सहा आठवडे झाले की तुमच्याकडेही मासे सोडते, म्हणाल्या. नूरबींनी मान हलवली. पण एका सकाळी झाकण उघडलं तर पाण्यात अळ्या. काही डोकं खाली करून लटकलेल्या, काही पाण्यालगत आडव्या. आडव्या असतात त्या हिवतापाच्या डासाच्या, हे बाईंनीच गल्लीला शिकवलेलं. नूरबी रिकामा तांब्या घेऊन पुष्पाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

दारात आलेल्या शेजारणीला इथे विरजण नाही म्हणत नाहीत, मग मासोळी कशी नाही म्हणणार?

"ली जाय वं एक," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरीना जीवथून मोठं काय शे? मॅडमले सांगू नको."

त्यांनी हात घातला आणि कोपऱ्यातली मीच हाताला लागले.

पुढच्या सोमवारी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. "दहा, अकरा..." पुन्हा पहिल्यापासून मोजणी, पुन्हा अकरा. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज. "एक मेली वाटतं."

मी एका भिंतीच्या अंतरावर होते.

इथे मला खायला कमी नाही. अळ्या तर मी चार दिवसांतच संपवल्या. सबा शाळेतून आली की हौदावर बोटाने टकटक करते, मी वर गेले की भाकरीचा चुरा टाकते. पण या पाण्यात दुसरी एकही शेपटी हलत नाही. बाई इथेही येतात. पण बिनमाशांच्या हौदात मासा कोण शोधतं? त्या यायच्या आत नूरबी पाण्यावर टिचकी मारतात, "नीचे जा, बेटी." मी तळाच्या विटेआड बसते. बॅटरीचा उजेड माझ्यावरून जातो आणि मोजणीत मी नसते.

आज सलग चौथ्या सोमवारी पळीत एकही अळी आली नाही. बाई हौदाच्या कठड्यावरच बसल्या. पिंपळनेरकडच्या पाड्यांवर हिवताप फार आहे, तिथे मासे सोडायची परवानगी त्यांनी मागितली आहे.

"पण चाची, तुमच्याकडे मासे नसूनही अळ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मग मासे हवेतच कशाला, असं विचारतील मला. आणि जे दिसतं तेच मला लिहावं लागणार."

नूरबी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सांगितलं तर बाई मला घेऊन जातील, ही त्यांची भीती मला विटेआडूनही कळते. दप्तर पाठीवर घेतलेली सबा कधी दादीकडे बघते, कधी बाईंच्या मिटलेल्या वहीकडे.

बाई, मी मेलेली नाही. तुमच्या वहीतलं ते एक मरण तेवढं खोडा. आणि मला न्यायचंच असेल तर सबाच्या पाण्यात माझी एखादी बहीण...

टकटक. सबाची बोटं. नूरबी "सबा, नहीं" म्हणाल्या, पण हळूच, अडवायचं नसल्यासारखं.

"गप्पी," सबा म्हणाली, "ऊपर आ."

मी निघाले. वर उजेड पसरलाय. बाई वाकल्यात, त्यांचे ओठ हलतायत, बहुतेक त्या म्हणतायत, "आणि ही..."