तपासणीच्या दिवशीची धिरडी

मी किसणी बोलतेय. आवाज खरखरीत वाटेल, पण मला दुसरा आवाज कुणी दिलाच नाही.

जोंगसन गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर आमचं घर आहे. इथे भात कमी, बटाटा फार. पिलसुन लग्न होऊन या घरात आली, त्या वर्षी तिच्या नवऱ्याने तेलाचा रिकामा डबा कापला, ठोकून सपाट केला आणि तो खिळ्याने त्याला एकेक भोक पाडत बसला. प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते. भोकांच्या उलट बाजूला जे काटे उठले ते माझे दात. मग लाकडी चौकटीत बसवून त्याने मला बायकोच्या हातात दिलं. दचकायची सवय मात्र गेली नाही. झाकण पडलं, फोन वाजला, की अजून माझा पत्रा थरथरतो.

पिलसुन सोललेला बटाटा माझ्यावर गोल गोल फिरवायची. दुधट लगदा खाली परातीत पडायचा. तो फडक्यात घालून पिळायचा, पाणी भांड्यात धरायचं आणि ते भांडं न हलवता ठेवून द्यायचं. थोड्या वेळाने वरचं तांबूस पाणी हळूच ओतलं की बुडाशी पांढरंशुभ्र सत्त्व उरतं. ते खरवडून लगद्यात परत मिसळायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि पेरिलाच्या बियांच्या तेलावर धिरडी सोडायची. पीठ नाही, अंडं नाही. धिरडं धरून राहतं ते त्या सत्त्वावर. लहानपणी तिच्या मुलीने, मिरानने, एकदा ते भांडं ढवळलं तर पिलसुनने तिला दिवसभर बोल लावले होते.

मिरान आता राजधानीत, सोलमध्ये असते, चौदाव्या मजल्यावर. नवरा गेल्यापासून पिलसुन इथे एकटी. गेल्या हिवाळ्यापासून तिचं काहीतरी चुकायला लागलं. औषध घेतलं की नाही, आठवेना. तवा गॅसवर राहून काळा झाला. शेजारणीने मिरानला फोन केला.

मिरानने अर्ज केला. सरकारी विमा कार्यालयातून माणूस घरी येऊन म्हाताऱ्यांना रोजचं किती जमतं ते बघतो, आणि मदतीची गरज आहे असा दर्जा मिळाला तर रोज तीन तास घरी बाई येते. दर्जा नाही मिळाला तर थंडीच्या आधी आई सोलला, असं तिने ठरवून टाकलं होतं. पिलसुनला ते मरणाहूनही नको होतं. आणि खरं सांगते, मलाही. तिथे मला कोण नेणार?

तपासणीच्या आदल्या दिवशी मिरान आली आणि आईला शिकवत बसली.

"आई, उद्या तू नुसती पडून राहा. सगळं येतं, सगळं येतं करू नकोस."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नाही गं. जे येत नाही ते येत नाही म्हण."

"काय येत नाही मला?"

मिरानने कपाळाला हात लावला. "बरं. पाहुणी आली तर उठायचं नाही, एवढं तरी लक्षात ठेव."

"पाहुणी आली आणि उठायचं नाही. तुझ्या सोलमध्ये असेल ती रीत."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि माझा पत्रा थरथरला. विमा कार्यालयातल्या मेंग बाई आल्या. चाळिशीच्या, हातात फाइल, घाट चढून दमलेल्या. पिलसुन अंथरुणावर होती खरी, पण मेंग बाई टेकतायत तोच ती उठून बसली.

"जेवलीस का पोरी?"

"हो आजी, म्हणजे... नंतर जेवेन. आधी थोडे प्रश्न विचारते हं. कपडे तुमचे तुम्ही घालता?"

"मग काय गावाने घालायचे?"

"आंघोळ?"

"रोज."

मिरान मागून मान हलवत होती, नाही, नाही म्हणून. तीन दिवस आंघोळ झाली नव्हती.

"आज वार कोणता, आजी?"

"बाजाराचा." बाजार दोन दिवसांपूर्वी झाला होता. पण ते इतक्या ठसक्यात सांगितलं की क्षणभर मलाही वाटलं, असेल.

मेंग बाईंचं पेन चालत होतं. सगळं येतंय, असंच लिहीत असणार. मिरान रडकुंडीला आली होती. तेवढ्यात मेंग बाईंच्या पोटातून आवाज आला, आणि पिलसुनने गुडघ्यावर हात टेकून मला खुंटीवरून काढलं.

"आई, बस ना," मिरान म्हणाली.

"उपाशी पाठवू हिला? तुझे बाबा वर काय म्हणतील?"

सहा बटाटे तिने किसले. हात अजून सरळ चालत होता. हात विसरत नाहीत. पण बटाट्याचा शेवटचा तुकडा ती नेहमी बाजूला टाकायची, तो त्या दिवशी टाकला नाही, घासतच राहिली. तिच्या बोटाचं सालपट माझ्या दातांत आलं. मी काय करणार होते? दात आवरता येत नाहीत मला. तिने बोट तोंडात घातलं आणि हसली.

लगदा पिळला. पाणी भांड्यात धरलं. भांडं ठेवलं. इथवर ठीक. मग तिने भांडं उचललं आणि मोरीत सपकन उलटं केलं. पाणी गेलं. बुडाशी बसू लागलेलं सत्त्वही गेलं, वर तिने नळ सोडून भांडं विसळलं.

मिरान अर्धी उठली होती. तिला थांबवता आलं असतं. ती थांबली. डोळे पुसत परत खाली बसली.

मेंग बाईंचं पेन थांबलं. "आजी, खालचं सत्त्व?"

"कसलं सत्त्व?"

"माझी आई इथल्या शेजारच्या यॉन्गवोलची. ती ते परत घालते."

पिलसुनने विसळलेलं भांडं उचलून आत पाहिलं. मग मान वर करून म्हणाली, "आमच्याकडे नाही घालत."

एवढ्या वर्षांत तिचं एवढं धडधडीत खोटं मी ऐकलं नव्हतं. पण तिला ते खोटं वाटलं की खरं, हे मला अजून कळलेलं नाही.

तव्यावर एकही धिरडं उलटेना. उलथनं घातलं की चुरा. पिलसुनने तो चुरा ताटलीत काढला, वर सोया सॉस आणि हिरवी मिरची. "आज बटाटाच पाणचट निघाला," ती म्हणाली. मेंग बाईंनी चमच्याने खाल्लं, सगळं, आणि आणखी मागितलं. पिलसुन दुसरा घाणा काढायला वळली, तसे त्यांनी फाइल उघडून मागचे दोन-तीन कागद परत काढले आणि आधी लिहिलेलं खोडून सावकाश लिहिलं. घाणा निघाल्यावर तसाच जळत राहिलेला गॅस मिरानने बंद केला.

जाताना दारात त्या मिरानला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांचा दाखला लगेच पाठवा. उशीर करू नका."

दर्जा मिळाला. योम बाई येतात आता, रोज तीन तास. पिलसुनची समजूत अशी की तपासणीत ती पहिली आली, म्हणून सरकारने तिच्याकडे एक बाई शिकायला पाठवली. ती समजूत कुणी मोडत नाही. योम बाई मला धरतात, पिलसुन शेजारी बसून चुका काढते. "अगं, अंगठा सांभाळ. माझी किसणी चावरी आहे." पाणी ओतायची वेळ आली की योम बाई म्हणतात, "आजी, हे मी करू? मला सराव होईल." पिलसुन मोठ्या मनाने परवानगी देते.

काल मिरानचा फोन आला. मी दचकलेच.

"आई, बाई कशी आहे?"

"शिकतेय. हात बसायला अजून तीनेक वर्षं लागतील."

तीन वर्षं. मी मोजत नाही, मला भीती वाटते. माझे चार दात बोथट झालेत, चौकट एका बाजूने सुटलीय. योम बाईंनी तार गुंडाळलीय, तेवढं धकेल.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. घरातलं म्हातारं माणूस पाहुण्यासाठी उठलं तर उठू द्या, किसू द्या. फक्त शेजारी कुणीतरी बसा. आणि चूक झाली, तर मेंग बाईंसारखं आणखी वाढून मागा.