निळ्या फडक्याखालची धाकटी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझ्यावर टेकलात तरी चालेल. माझे वेत थोडे करकरतात, पण टोचत नाहीत. आज तुम्हांला एका आईची गोष्ट सांगते. ती मी कुणाकडून ऐकलेली नाही, माझ्या पोटातच घडलेली आहे.

मी एक जुनी वेताची टोपली आहे. एका कारागिराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच आठवड्यात विणले. भिजलेला वेत वाकवताना तो हळू आवाजात देवाचे नाव घेत असे. पुढे आम्हां दोघींना एका जोडप्याने नेले. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून घरपोच देणे हा त्यांचा धंदा होता.

ते घर म्हणजे सगळे वाफेचे घर! मागे धुण्याच्या टाक्या, पुढे इस्त्रीचे टेबल आणि मधल्या खोलीत दोऱ्यांवर चादरीच चादरी. त्यांतून चालणारा माणूस ढगांतून चालल्यासारखा दिसे. त्या ढगांत तीन मुले वाढत होती. थोरली सहा वर्षांची होती. मधला चार वर्षांचा. तो चादरींआड लपायचा आणि कुणी शोधायला आले नाही की "मी हरवलो" म्हणून भोकाड पसरायचा. आणि धाकटी, नुकती बसायला लागलेली.

आई आजही म्हणते, "एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात पोर. तिसरा हात द्यायचं देवाकडून राहूनच गेलं बघ."

पलंगावर लोकांच्या कपड्यांच्या चळती असत. म्हणून धाकटी झोपे ती माझ्यात, नुकत्या इस्त्री झालेल्या उबदार चादरींवर. आई टेबलापाशी उभी राहून पायाने मला हलकेच डोलवी आणि गाई,

"घडीवर घडी पडे, वाफ जाई वर,
देवा, तुझ्या हवाली माझं लहानगं पोर."

त्या डोलण्यात मला वाटे, मी टोपली नव्हेच. मी एक संथ तळे आहे आणि माझ्यावर एक इवलीशी होडी झोपली आहे.

त्या घरात एक खूण ठरलेली होती. पांढरे फडके घातलेली टोपली घरातच राहायची, निळे फडके घातलेली गिऱ्हाइकाकडे जायची. आई-बाबांना एकमेकांशी बोलायला फुरसत नसे, म्हणून फडकी बोलत.

एका सकाळी खूप काम होते. आई मागे टाकीपाशी गेली होती. थोरलीने माझ्यात डोकावून पाहिले, तर धाकटीचे पाय उघडे आणि गार पडलेले. पांढरे फडके लहान होते. जवळच मोठे, मऊ, निळे फडके पडले होते. तिने ते धाकटीवर गळ्यापासून पायांपर्यंत पांघरले, पांढरे शेजारच्या माझ्या बहिणीवर टाकले आणि खेळायला पळाली. धाकटीने झोपेतच ते तोंडावर ओढून घेतले.

बाबा आले. निळे फडके दिसले. त्यांनी मला उचलून हातगाडीवर ठेवले. पावसाळी दिवसांत कपडे जड लागतातच, त्यांना शंका आली नाही.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण गाडी डुलत होती, फडक्यातून निळा उजेड झिरपत होता आणि धाकटीचा श्वास माझ्या विणीतून येत-जात होता. रस्ता लांब, फार लांब वाटला.

गाण्याच्या बाईंच्या दारात गाडी थांबली. शिकवणी चालू असताना बाईंना कुणी हाक मारलेली खपत नसे. बाबांनी मला अलगद आत सरकवले आणि ते पुढच्या घरी गेले.

तिकडे आईने पांढरे फडके उचलले, ते माझ्या बहिणीवरचे. आत बाईंचे अभ्रे! मग ती जी धावली, ती अनवाणीच. एक घर, दुसरे घर, तिसरे घर मागे पडले. बाईंच्या दारात पोचली आणि चौकट धरून उभी राहिली. आत धाकटी बाईंच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची काडी चोखत होती.

"कपडे धुवायला टाकले होते, लेकरू नव्हे," बाई म्हणाल्या. पण आईचा चेहरा पाहून त्यांनी उठून आधी तिला पाणी दिले.

खरे वादळ घरी वाट बघत होते. मुलांची आत्या आली होती. तिच्या घरी मूलबाळ नव्हते आणि घर कसे शांत, नीटनेटके होते.

"वहिनी, तुझ्या घरात माणसं कमी आणि चादरी जास्त," ती म्हणाली. "धाकटीला मी नेते. थोडी मोठी होईपर्यंत."

"तूच ठरव," बाबा खालमानेने आईला म्हणाले. "चूक माझीच आहे."

आत्या त्या रात्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई धाकटीची झबली घडी करून माझ्यात रचू लागली. सातवे झबले ठेवले आणि तिचे हात थांबले. मी लोकांचे कितीतरी कपडे पेलले होते, पण त्या सात झबल्यांचा भार मला सोसवेना.

एवढ्यात थोरली समोर येऊन उभी राहिली. तिने स्वतःचा फ्रॉक आणला होता. तो माझ्यात टाकून ती म्हणाली, "मला पाठव आत्याकडे. निळं फडकं मी घातलं. तिचे पाय गार होते गं."



आईने तिला कुशीत ओढले. "अगं, माझं लक्ष नव्हतं तेव्हा तुझं होतं," ती म्हणाली. मग एकेक झबले काढून तिने परत फळीवर ठेवले. "वन्सं, रागावू नका. माझ्या घरात गोंधळ आहे. पण इथं एकमेकांचे पाय बघणारी माणसं आहेत. ही कुठं जाणार नाही."

आत्या पदराने डोळे पुसत बसली. मग उठून म्हणाली, "बरं. मग मीच येत जाईन रोज दुपारची. आणि तो मधला कुठंय? की त्यालाही कुणाच्या घरी पोचवलंत?"

"मी हरवलोय!" चादरीआडून आवाज आला.

मित्रांनो, पुढे मुले मोठी झाली आणि आपापल्या वाटेने गेली. धुण्याची यंत्रे आली, कपडे पिशव्यांतून जाऊ लागले. माझा एक कान तुटला आणि मी बरीच वर्षे माळ्यावर धूळ खात पडले. जुन्या वस्तूंवरची धूळ कधीतरी पुसत जा. आम्हांला तेवढेही पुरते.

आई आता थकली आहे. पण घरातून कुठलीही पिशवी बाहेर निघाली की ती म्हणते, "थांब जरा." मग हात घालून थेट तळापर्यंत चाचपते.

नातवंडे हसतात. "आजी, आता आत कोण असणार?"

"कुणी नाही रे," ती म्हणते. "तरी बघू दे."

तुमच्या दप्तरातून, तुमच्या पांघरुणावरून असाच एखादा हात फिरला, तर झिडकारू नका. आणि त्या वेळी क्षणभर माझ्या या आईची आठवण काढा.