सरांची एकाग्रता

त्या गुरुवारी संध्याकाळी बाबा कोट चढवून दाराशी उभे होते आणि त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून विचारत होती, "कुठं निघालात?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. शेवटी हात पुसत ती बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "दातांच्या डॉक्टरकडे."

"मागच्या गुरुवारीही दातच होते."

"अजून पुष्कळ शिल्लक आहेत," असं म्हणून बाबा जिना उतरले.

तिला ते पटलं नाही. दुखणं अंगावर काढण्यात हयात गेलेला हा भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक एकाएकी डॉक्टरच्या वाऱ्या करू लागतो? कुठंतरी पाणी मुरत होतं. अलीकडे ते घरातही घुम्यासारखे बसत. विद्यापीठातल्या चर्चासत्राचं अध्यक्षपद त्यांनी कारण न देता नाकारलं होतं. आपल्यावर राग धरलाय की काय, हे एकदा विचारायला हवं, असं तिनं ठरवलं आणि उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात मंडप उभारायचं काम चाललं होतं. महिनाअखेरीला चर्चासत्र, गाण्याचा कार्यक्रम आणि सर्व धर्मांची मिळून प्रार्थना, असे कार्यक्रम एकापाठोपाठ होते. बाबा कनातीच्या आडून रस्त्यावर आले आणि खांब वाहून आणणाऱ्या ट्रकखाली सापडून जागीच गेले.

चालक विद्यापीठाचाच नोकर. ती तिथल्याच ग्रंथालयात नोकरीला होती, तिथं तो तिला भेटायला आला आणि कपाटाशी अवघडून उभा राहिला.

"ताई, मी हॉर्न दिला होता. चांगला दाबून दिला. सरांनी मान वळवली नाही हो."

"म्हणजे चूक त्यांचीच?"

"तसं नाही म्हणत मी..."

"हॉर्न ऐकून माणूस बाजूला होत नाही? जिवावर उदार झाले होते का ते?"

तो निघून गेला. मंडपवाल्यांनीही हॉर्न ऐकल्याचं सांगितलं, पण ते सगळे आतून मिळालेले आहेत, अशी तिची खात्री होती. हॉर्न वाजलाच नव्हता, अशी तिनं तक्रार केली. चालकाला घरी बसवलं गेलं आणि चौकशी लागली. दोष सिद्ध झाला तर त्याची नोकरी जाणार, हे तिला ठाऊक होतं. जाऊ दे, असंच तिला वाटत होतं.

कार्यक्रम काही थांबले नाहीत. उलट जो तो बाबांचं नाव मागायला येऊ लागला. ज्या विभागानं निवृत्तीनंतर त्यांना कधी चहालाही बोलावलं नव्हतं, त्याला आता चर्चासत्र त्यांच्या स्मृतीला अर्पण करायचं होतं. सांस्कृतिक समितीचे सचिव म्हणाले, सर मोठे रसिक होते. बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. ती प्रत्येकाला पाणी द्यायची, आणि याला नेमकं काय हवंय, असा विचार करत ऐकून घ्यायची.

सगळ्यांवर वरताण केली ती वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी. प्रार्थनेचा कार्यक्रम त्यांच्याकडे होता.

"अगं, सर तर आमचेच. दर गुरुवारी आमच्या मौनप्रार्थनेला यायचे."

"बाबा? प्रार्थनेला?"

"तुला बोलले नाहीत? लाजत असतील. उतारवयात येतं हो मनात."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर देवाला पुरावा मागणाऱ्या माणसाला मेल्यावर भक्त करून फलकावर चढवायचं, असा हा डाव. खोटं उघडं पाडायचं म्हणून ती गुरुवारी त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीवर गेली.

ती तळमजल्यावरची साधी वर्गखोली होती. बाकं भिंतीला सरकवलेली, मधे खुर्च्या. दहाबारा माणसं डोळे मिटून बसली. कुणी बोललं नाही, पुटपुटलं नाही. मग बाईंनी मौन संपल्याची पितळी घंटा वाजवली आणि सगळे चुळबुळले. तीही दचकली. लहान दिसत असली तरी घंटा कानठळ्या बसवणारी होती.

"ती सरांची जागा," बाई खिडकीजवळची खुर्ची दाखवत म्हणाल्या. "काय एकाग्रता होती गं! आम्ही घंटा ऐकली की लगेच घड्याळाकडे बघणारी माणसं. सर हलायचेसुद्धा नाहीत. मी खांद्याला हात लावायचे, तेव्हा कुठं डोळे उघडायचे. फलकावर तेवढं एक वाक्य घालू का, 'ध्यानात हरवलेले सर'?"

ती त्या खुर्चीकडे बघत राहिली.

दाराशी उभं राहून तिच्या ओठांकडे बघणारे बाबा. फोन वाजला की न सांगता तिच्या हातात देणारे बाबा. ज्या चर्चासत्रात प्रश्नांना उत्तरं द्यावी लागणार, त्याला नाही म्हणणारे बाबा. या आवारात सगळीकडे भाषण, गाणं, गप्पा. इथं तेवढं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. इथं ते बाकीच्यांच्या बरोबरीनं बसू शकत होते.

आणि ती? ती वर्षभर घरात आवाज चढवून बोलत होती. का चढवतोय, हे स्वतःशी एकदाही न बोलता. तो शब्द उच्चारला असता तर बाबा खचले असते, म्हणून त्यांचं गप्प बसणं रागावर ढकलून ती मोकळी झाली होती.

"बाई, वाक्य घालू नका," ती म्हणाली.

"अगं, पण खरंच तसं होतं."

"नाही. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत चालक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. बायकोही आली होती, पण तिला बाहेरच बसवलं होतं. कुलसचिवांनी चष्मा पुसला. "तक्रार तुमची आहे. हॉर्न वाजलाच नव्हता, असं तुमचं म्हणणं. कशावरून?"

चालक तिच्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेवर त्याचा अंगठा एकाच जागी घासत होता.

आता गप्प बसणं सोपं होतं. बाबांचं नाव तीन फलकांवर लागणार होतं आणि कुणी काही विचारणार नव्हतं.

ती उभी राहिली. घरात बोलायची तेवढा आवाज तिनं आपसूक चढवला.

"हॉर्न वाजला असेल. बाबांना ऐकू येत नव्हतं. आणि मला ते माहीत होतं."