मासवडीसोबतची बाटली

"मासवडीत मासा असतोय व्हय कुटं?" सासूबाई, रंगुबाई, चुलीपाशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. व्हाईट वाइन माशांसोबत पितात, एवढं मी मोबाईलवर शिकले होते. आमच्या पारनेरच्या घरात मासे शिजत नाहीत. मग नावात तरी मासा आहे, म्हणून बेसनाची मासवडी केली.

लेक पंकजा नाशिककडे वाइन बनवते. स्वतः केलेली पहिली बाटली ती घरी घेऊन आली होती. गावात मात्र मी 'पोरगी ज्यूस कंपनीत आहे' असंच सांगत आले. त्यात नेमके नात्यातले अजिनाथमामा तिच्यासाठी स्थळ घेऊन आले आणि जेवायला बसले.

"ह्यो कसला रस?" त्यांनी बाटलीकडे पाहून विचारलं.

पंकजाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्सा ढवळत राहिले.

"शेनिन नावाच्या द्राक्षांचा, मामा," ती म्हणाली. "हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, तिथल्या एका नदीकाठचं. आपल्या मातीतही छान रुजलं. चव जराशी गोडसर, म्हणून झणझणीत रश्श्यासाठी मुद्दाम हीच आणली. हिच्यासोबत मासाच लागतो असं काही नाही, आई."

किती छान सांगत होती! तरी 'वाइन' हा शब्द तिने माझ्यासाठी गिळलाच.

"म्हंजे ज्यूसच की," मामा म्हणाले. मी घाईघाईने मान डोलावली.

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"आगं पंके, दारू हाय म्हन की सरळ! तू काय चोरी केलीस व्हय? तुज्या आईलाच तुजी लाज वाटती."