अमरवेलीची अर्धी पोथी

मित्रांनो, मी एका जुन्या, कष्टाळू घराण्यातली अमरवेल आहे. घराण्याचं नाव सांगायला बरं वाटतं, स्वतःचं सांगायला तोंड वर होत नाही. पण उद्या मला जाळणार आहेत, म्हणून आज सांगून टाकते.

रताळं माझ्या भावकीतलं. शिवरात्रीला सगळा गाव त्याला उकडून खातो. ओढ्याकाठी माजणारं बेशरमाचं झुडूपही आमच्यातलंच. लोक त्याला नावं ठेवतात, पण ते बिचारं स्वतःच्या पानांवर जगतं. मला ना पान, ना मातीत मूळ. मी नुसता पिवळा दोरा. हिरव्या झाडाला विळखा घालते, त्याच्या अंगात सोंड खुपसते आणि बसल्या जागी पिते. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

परभणीजवळच्या पेडगावात, नागुबाईंच्या लसूणघासात माझा जन्म झाला. लसूणघास म्हणजे जनावरांचा हिरवा चारा. मी एका कोपऱ्यात हातपाय पसरले तेव्हा नागुबाईंनी मला पाहिलं होतं. "ऱ्हाऊ दे, तीबी जीवच हाय," म्हणाल्या आणि सोडून दिलं. मी फुलले, बी धरलं. माझं बी घासाच्या बियाएवढंच बारीक. सुपात कितीही पाखडलं तरी ते वेगळं निघालं नाही.

त्याच साली शेजारच्या लक्ष्मीबाईंची म्हैस व्याली. नागुबाईंच्या घरची रीत अशी, की घासाचं बी विकायचं नाही, ओटीत घालायचं. त्यांनी ओंजळभर बी लक्ष्मीबाईंच्या ओटीत घातलं आणि त्यात मी होते. मायेनं दिलेल्या ओंजळीत बसून मी परक्या घरात शिरले. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दिवाळीच्या सुमाराला पेरलेला लक्ष्मीबाईंचा वाफा संक्रांतीपर्यंत पिवळा पडला. म्हशीपुढं नुसता कडबा पडू लागला. दूध आटलं, रेडकू हाडकलं. ते दाव्याला ओढ देऊन वाफ्याकडं बघायचं आणि मी त्याच्या वाट्याचं पीत असायचे. लाज वाटायची, पण पिणं काही थांबायचं नाही. लक्ष्मीबाईंना वाटलं, नागुबाईंनी जाणूनबुजून खराब बी दिलं. त्या संक्रांतीच्या वाणाला आल्या नाहीत. बांधावर गाठ पडली तरी तोंड फिरवून जायच्या.

"म्या काय वाईट केलं गं तिचं?" म्हणून नागुबाई घरी रडायच्या.

त्यांची लेक महेश्वरी परभणीत वनस्पतींचंच शिक्षण घेते, आणि तिचा अभ्यास नेमका आमच्या कुळावर. सुट्टीत आली तेव्हा तिनं रताळ्याचं पान, बेशरमाचं पान आणि माझा एक तुकडा पिशव्यांत भरून नेला. दीड महिन्यानं परतली ती बांधाशी उभी राहून, लक्ष्मीबाईंच्या वाफ्यातली मी दाखवत आईला सांगू लागली.

"आई, पानातल्या हिरव्या कणांत एक बारकी पोथी असती बघ. उन्हापासून अन्न कसं करायचं ते तिच्यात लिव्हलेलं असतंय. रताळ्याच्या पोथीत एक लाख साठ हजार अक्षरं हायत. हिच्या पोथीत निम्म्याहून जरा जास्त."

"मग बाकीची कुठं गेली?"

"हिच्या वाडवडलांनी लाखो वर्षं फुकट खाल्लं. जे वापरलं न्हाई ते गळून गेलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण मला तर मूळच नाही! मित्रांनो, मला वाटायचं, देवानंच मला अशी घडवली. आमच्यातही कधीकाळी हिरवी पानं होती, हे मला ठाऊकच नव्हतं. एकेक अक्षर झडत गेलं आणि खायला मिळतंय म्हटल्यावर कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

"आई, ही तुझ्याच बियातून गेली तिकडं," महेश्वरी हळूच म्हणाली.

नागुबाई तशाच अनवाणी बांध ओलांडून गेल्या.

"लक्ष्मे, माज्याच बियात व्हती गं ती. कोपऱ्यात दिसली तवाच उपटायला पायजे व्हती. म्या सोडली. चुकी माजीच हाय."

लक्ष्मीबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आक्का, लय जीव जाळलास माजा. चल, इळा घे."

दोन दिवस दोघींनी मिळून मला घासासकट जमिनीलगत कापलं. आता मी शेताच्या कडेला ढिगात वाळत पडले आहे. आत्ताच नागुबाईंनी ढिगातून एक मूठ उचलली.

"एवढी ठेवू का गं? हिच्या तेलानं केस लय वाढतेत."

काय सांगू! मनात चटकन आलं, ठेव ना गं बाई. त्या रेडकाच्या फासळ्या समोर दिसत असतानाही आलं. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची.

लक्ष्मीबाई नुसत्या नागुबाईंच्या हाताकडं बघत आहेत. मित्रांनो, दया करायची असेल तर त्या रेडकावर करा. त्या मुठीतला एक तुकडा घासावर पडला तरी मी पुन्हा पसरेन; कुणीतरी पुढं व्हा आणि नागुबाईंना मूठ उघडायला सांगा. मला ते म्हणवत नाही.