पत्र्याची डावी बाजू

चांदवडच्या शाळेत तीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या. आता साठीच्या पुढे स्वतःच कॉपी करायला निघाले होते.

मला काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. डोळ्यांपुढे नुसतं राखाडी धुकं असतं. माझ्या लेकीला, संजनाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. परवा ती बडोद्याला शिकायला निघणार होती. कळलं असतं तर भरलेली बॅग रिकामी करून घरी बसली असती, एवढी हट्टी कार्टी आहे! माझ्यापायी तिचं अडायला नको होतं.

आज गंगापूर रोडला तिच्या एचिंगचं प्रदर्शन. म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं कोरायचं, शाई भरायची आणि कागदावर छापायचं. काल ती बाहेर गेल्यावर मी सगळ्यात मोठ्या चित्राचा पत्रा वर्तमानपत्रातून काढला आणि बोटांनी पाठ केला. मेलं, त्यात ना झाड ना माणूस! पण बोट फिरवता फिरवता गुंतले. डावी बाजू टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरबरीत. मधून एक खोल, वाकडी रेघ. तिच्यापलीकडे सगळं गुळगुळीत, शांत. खरं सांगते, रडू आलं. माझ्या पोरीला हे कुठून सुचलं?

"आई, हेच ते मोठं," संजनानं मला चित्रासमोर उभं केलं. "कसं वाटतंय?"

चोराच्या मनात चांदणं! पण पाठांतर पक्कं होतं.

"डावीकडचा खरबरीतपणा काय सुंदर गं! आणि रेघेच्या उजवीकडे एकदम शांत वाटतं."

ती हळूच म्हणाली, "आई, छापताना सगळं उलटं उमटतं. कागदावर खरबरीत बाजू उजवीकडे आलीय."

मी सारवासारव केली. "अगं, वयानं डावं-उजवं कळत नाही मला..."

"तू चित्र बघितलंच नाहीस. तू पत्रा चाचपलास." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माझ्याकडे बघ. आज मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

मी खूप डोळे ताणले. मग हात पुढे केला, तिचा पदर सापडला, तो चिमटीत धरला.

"सुती आहे," मी म्हणाले.